एका साध्या माणसाचा बोलपट व त्याचे प्रेक्षक
(ज्युबिली सप्ताहांत धर्मग्रामस्थांपुढें दिलेलें भाषण)



गेल्या रविवारीं सायंकाळच्या जपमाळेनंतर आपण सर्वांनीं शाळेच्या सभागृहांत एक जुना अमेरिकन बोलपट पाहिला. त्याची भाषा इंग्रजी असल्यामुळें आपल्या शाळेंतील एक शिक्षक मधून मधून मराठींत अर्थ सांगत होते. बोलपट संपून दिवे लागले तेव्हां मी मुद्दाम दाराशीं उभा राहिलों. कित्येकांचे डोळे ओले होते. एक तरुण म्हणाला, "फादर, त्या म्हाताऱ्या सावकाराला शिक्षा कांहीं झालीच नाहीं!" त्याच्या मागून आलेले एक हिशेबी स्वभावाचे गृहस्थ म्हणाले, "बोलपटांत हें सारें ठीक आहे. पण एवढे पैसे कोण कोणाला आणून देतो?" आणि पायरीवर टेकलेली एक वृद्ध बाई, जिला इंग्रजीचें एक अक्षर कळत नाहीं, ती म्हणाली, "देवदूताचें काय घेऊन बसलांत? सगळें त्याच्या बायकोनें केलें." हीं तीन बोलणीं आठवडाभर माझ्या मनांत घोळत आहेत व त्यांच्याविषयींच आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

जे त्या दिवशीं येऊं शकले नाहींत त्यांच्यासाठीं प्रथम थोडी माहिती देतों. ह्या बोलपटाचें नांव 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. तो फ्रँक कॅप्रा यांनीं तयार केला. कॅप्रा हे १८९७ सालीं सिसिलीमध्यें एका गरीब कुटुंबांत जन्मले आणि १९०३ सालीं आईबापांबरोबर अमेरिकेस गेले. मूळ कथा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न नांवाच्या लेखकाची. ती छापावयास कोणी प्रकाशक मिळेना. तेव्हां त्यांनीं १९४३ सालच्या नाताळांत तिच्या २०० प्रती स्वतः छापून मित्रांना नाताळची भेट म्हणून पाठविल्या. त्यांपैकीं एक प्रत फिरत फिरत चित्रपटवाल्यांच्या हातीं पडली. नायकाचें काम जेम्स स्टुअर्ट यांनीं केलें. दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमानें चालवून ते नुकतेच परतले होते व युद्धानंतरचा त्यांचा हा पहिलाच बोलपट.

कथा अगदीं साधी आहे. जॉर्ज बेली हा एका लहान गांवांतील मनुष्य. बाळपणीं तो गोठलेल्या पाण्यांत बुडणाऱ्या धाकट्या भावाला वांचवितो आणि त्यांत स्वतःचा एक कान गमावून बसतो. जग पाहावें, मोठे पूल व इमारती बांधाव्या, ही त्याची हौस. पण वडील वारतात आणि गरिबांना घरांसाठीं कर्ज देणारी त्यांची लहानशी पेढी त्याच्या गळ्यांत पडते. लग्नाच्याच दिवशीं घाबरलेले लोक ठेवी काढून घेण्यासाठीं पेढीवर लोटतात. तेव्हां नवराबायकोनें प्रवासासाठीं राखलेले २००० डॉलर तो त्यांना वांटून देतो आणि दिवसाच्या शेवटीं पेढींत अवघे २ डॉलर उरतात. असें त्याचें सारें आयुष्य जातें. मग १९४५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं त्याच्या विसराळू चुलत्याच्या हातून पेढीचे ८००० डॉलर हरवतात. ते सांपडतात पॉटर नांवाच्या श्रीमंत सावकाराला, आणि तो ते मुकाट्यानें ठेवून घेतो. त्याच सावकाराच्या दारीं जॉर्ज उसने मागावयास जातो. तारण म्हणून त्याच्यापाशीं काय, तर विम्याचा एक कागद. सावकार त्याला सांगतो, कीं तूं जिवंत असण्यापेक्षां मेलेला अधिक किंमतीचा आहेस. तेव्हां तो निराश होऊन पुलावर जाऊन उभा राहतो. तेथें परमेश्वरानें पाठविलेला एक भोळसर देवदूत त्याला भेटतो आणि, तो जन्मलाच नसता तर गांवाचें काय झालें असतें, तें दाखवितो. जॉर्ज धांवत घरीं येतो, तों सारें गांव पैसे घेऊन त्याच्या घरांत शिरत असतें.

आज ह्या बोलपटाची कीर्ति एवढी मोठी आहे, कीं पहिल्या दिवसापासून लोकांनीं तो डोक्यावर घेतला असेल असें कोणासही वाटेल. तसें झालें नाहीं. २० डिसेंबर १९४६ रोजीं तो न्यूयॉर्क येथें प्रथम दाखविण्यांत आला. कांहींनीं त्याची स्तुति केली. परंतु तेथील एका प्रमुख वृत्तपत्राच्या टीकाकाराला त्यांतील भावविवशता खटकली व जीवनाचें हें चित्र भ्रामक आहे असें त्यानें लिहिलें. ऑस्कर पारितोषिकासाठीं पांच विभागांत त्याचें नांव होतें, पण त्यांपैकीं एकही त्याला मिळालें नाहीं. ऐन उन्हाळ्यांत चित्रण करून पडद्यावर हिमवर्षाव दाखविण्याची जी नवी युक्ति काढली होती, तेवढ्यापुरतें एक तांत्रिक पारितोषिक देण्यांत आलें. तिकिटांच्या उत्पन्नांतून खर्चही भरून निघाला नाहीं. एवढेंच नव्हे, तर १९४७ सालीं अमेरिकेच्या सरकारी गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांत अशी नोंद झाली, कीं सावकाराला दुष्ट दाखविणें ही कम्युनिस्टांची नेहमींची क्लृप्ति आहे!

नंतर वर्षानुवर्षें तो बाजूला पडून राहिला. १९७४ सालीं त्याच्या हक्काची मुदत संपली आणि कोणाच्या तरी दुर्लक्षामुळें ती वाढविण्यांत आली नाहीं. दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवितां येऊं लागला व नाताळ आला, कीं घरोघरीं तो दिसूं लागला. जे लोक पैसे देऊन चित्रपटगृहांत गेले नव्हते, त्यांचीं मुलेंबाळें चुलीपाशीं बसून तो पाहूं लागलीं व रडूं लागलीं. १९९० सालीं जतन करण्यायोग्य राष्ट्रीय चित्रपटांच्या यादींत त्याचा समावेश झाला आणि २००६ सालीं अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनें केलेल्या मनाला उभारी देणाऱ्या चित्रपटांच्या यादींत तो पहिला आला. कॅप्रा १९९१ सालीं वारले. पण आपल्या ह्या उपेक्षित लेंकराला लोकांनीं कडेवर घेतलेलें पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें.

आतां आपल्या तीन प्रेक्षकांकडे वळतों.

सावकाराला शिक्षा कां नाहीं, हा आपल्या तरुणाचा प्रश्न त्या देशांतही पुष्कळांनीं विचारला आहे. १९८६ सालीं दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमांत ह्या बोलपटाचा एक निराळा शेवट दाखविला, त्यांत सारें गांव जाऊन पॉटरला बदडून काढतें! लोक पोट धरून हंसले. न्यायाची भूक मनुष्याच्या ठिकाणीं परमेश्वरानेंच ठेविली आहे, म्हणून त्या तरुणाला मी दोष देत नाहीं. पण माझ्या मित्रा, एक गोष्ट पाहा. त्या रात्रीं गांवकऱ्यांपाशीं वेळ थोडा होता. चोर शोधावयास ते निघाले असते, तर कदाचित् चोर सांपडला असता आणि जॉर्ज पुलावरून गेला असता. त्यांनीं प्रथम माणूस वांचविला. पॉटरचा हिशेब ज्याच्या वहींत मांडलेला आहे, त्याची वही हरवत नाहीं.

आमच्या हिशेबी गृहस्थांचा प्रश्न अधिक कठीण आहे. एवढे पैसे कोण आणून देतो? पण ते लोक कोण होते तें आठवा. इटलीहून आलेला मार्टिनी, ज्याला जॉर्जच्या पेढीमुळें स्वतःचें घर मिळालें. औषधविक्रेता गॉवर, ज्यानें पुत्रशोकानें बेभान होऊन गोळ्यांत चुकून विष भरलें होतें आणि ज्याला लहानग्या जॉर्जनें त्या पातकापासून वांचविलें. गांवानें त्या रात्रीं दान केलें नाहीं. त्यानें ऋण फेडलें. चांगुलपणा पुष्कळ वर्षें जमिनीखालीं असतो आणि पेरणारा स्वतःच विसरून जातो, कीं येथें आपण कांहीं पेरलें होतें. साध्या माणसाच्या आयुष्याची किंमत त्याला स्वतःला कळत नाहीं, ती शेजाऱ्यांच्या घरांत ठेवलेली असते, हेंच तर कथेचें मर्म आहे.

परंतु सर्वांत खरें बोलली ती पायरीवरची बाई. बोलपटाच्या शेवटीं तो विसराळू चुलता आनंदानें ओरडून हेंच सांगतो, कीं हें सारें मेरीनें केलें. जॉर्ज संकटांत आहे एवढेंच तिनें चार घरीं जाऊन सांगितलें आणि लोकांनीं एकही प्रश्न न विचारतां गांवभर फिरून पैसे गोळा केले. जॉर्जनें स्वतः कोणालाही कांहीं सांगितलें नव्हतें. घरीं येऊन तो मुलांवर खेंकसला, शाळेच्या बाईंना टेलिफोनवर वाटेल तें बोलला, पण "मी बुडत आहें" हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहींत. मानी पुरुष असेच असतात. मेरीनें तो राग ऐकून त्याच्या मागचें दुःख ओळखलें. आणि बोलपटाचा आरंभ आठवा. जॉर्ज पडद्यावर दिसण्यापूर्वीं निरनिराळ्या घरांतून प्रार्थनेचे आवाज ऐकूं येतात. मार्टिनी येशू, मरिया व योसेफ यांना आपल्या मित्रासाठीं हांक मारीत असतो. लोकांनीं प्रार्थना केली आणि लोक धांवलेही. स्वर्गांतून देवदूत निघाला आणि गांवांतून शेजारी निघाले.

येथें मला माझीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं होतों. तेथील एक गृहस्थ लोकांच्या लहानशा भिशीचा हिशेब ठेवीत असे. सणाच्या आदल्या आठवड्यांत एका रात्रीं तो माझ्या दारीं आला व म्हणाला, "फादर, थोडा वेळ आहे का?" मी मंडपवाल्याचा आणि बँडवाल्याचा हिशेब करीत बसलों होतों. मान वर न करतां मी म्हणालों, "उद्यां मिस्सेनंतर या." तो "बरें" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशीं मिस्सेला तो नव्हता. बायकामुलांना सोडून तो रात्रींच गांवांतून निघून गेला होता. परमेश्वराच्या कृपेनें तो जिवंत राहिला व चार वर्षांनीं परत आला. पण त्या चार वर्षांत त्याच्या मोठ्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. भिशींत किती रक्कम कमी पडली होती, तें मला पुढें कळलें. त्या वर्षीच्या आमच्या रोषणाईच्या खर्चाहून ती कमी होती.

म्हणून त्या रविवारीं तुम्ही जेव्हां जॉर्जसाठीं रडत होतां, तेव्हां मी दुसऱ्याच कारणासाठीं डोळे पुसत होतों. बोलपट पाहणारा प्रत्येक जण मनांत स्वतःला जॉर्ज समजतो. आपण किती झिजलों, आपल्याला कोणी ओळखलें नाहीं, असें म्हणून तो स्वतःवरच दोन आंसवें गाळतो. त्यांत वावगें नाहीं. दमलेल्या मनाला तेवढा विसावा पाहिजे. पण तेवढ्यावर थांबणारा प्रेक्षक अर्धाच बोलपट पाहून घरीं जातो. भल्या शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत प्रभूनें आपल्याला वाटेवर पडलेल्या मनुष्याचें सोंग घ्यावयास सांगितलें नाहीं. जो थांबला त्याच्यासारखें वागण्यास सांगितलें. आपण मेरी आहों काय? आपण मार्टिनी आहों काय? कीं "उद्यां या" म्हणणारे आहों?

बंधु-भगिनींनो, ही आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली आहे. देवळाच्या भिंती, घंटा व वेदी ह्यांचा इतिहास ह्या पुस्तिकेंत इतरांनीं लिहिला आहे. माझी विनंति लहान आहे. आपल्या कार्यकारी मंडळानें माझ्या सांगण्यावरून रोषणाईसाठीं ठरविलेल्या रकमेपैकीं अर्धी बाजूला ठेवण्याचें मान्य केलें आहे. ज्याच्यावर एकाएकीं संकट कोसळेल त्याच्यासाठीं ती आहे. त्याचें नांव कोणापुढें वाचलें जाणार नाहीं. आणि माझें दार रात्रीं केव्हांही ठोठवावें. मी हिशेब करीत असलों तरी ह्यापुढें मान वर करीन, असें मीं परमेश्वराला वचन दिलें आहे. ज्याला स्वतः येण्याचें धैर्य होत नसेल, त्याच्या घरच्या माणसानें यावें. शेजाऱ्यानें यावें. "फादर, अमक्याचा आवाज हल्लीं बदलला आहे," एवढेंच सांगितलें तरी पुरे.

ह्या वर्षीं देवळावर दिवे थोडे कमी दिसतील. कोणी कारण विचारल्यास त्याला हा बोलपट सांगा.

परमपिता परमेश्वर आपणां सर्वांना, आणि विशेषेंकरून जो कोणी आज ह्या सभेंत मुकाट्यानें ओझें घेऊन बसला असेल त्याला, आपल्या हातांत सांभाळो. आमेन.