बॅटरी वापरून मरत नाही, उपाशी ठेवून मरते

(अंबरनाथ-बदलापूर परिसरातील कार्यकर्त्यांच्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीतील भाषण)



भाताच्या भावाबद्दल पुढचे वक्ते बोलणार आहेत. आमच्या वाट्याला आली आहे मोटरसायकलची बॅटरी. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाने बी-बियाणे सोडून बॅटरीवर का बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बैलजोडी आता मोजक्या दारात उरली आहे आणि मोटरसायकल दारोदारी आहे. दुधाचे कॅन तिच्यावर जातात, भाजीच्या पाट्या तिच्यावर कल्याणच्या बाजारात जातात, नोकरीवाला पोरगा तिच्यावरूनच स्टेशन गाठतो. रात्री कोणाला साप चावला तर दवाखान्याची वाटही तिच्यावरच. बैलाला वैरण किती, पाणी कधी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. बॅटरीची वैरण मात्र कोणी सांगितलेलीच नाही.

जुन्या गाड्यांचे बरे होते. बॅटरी मेली तरी किक मारली की बहुतेक गाड्या चालू होत. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटरसायकलींत पेट्रोल सोडण्याचे काम विजेवर चालते. कित्येक गाड्यांना किकच नाही. बॅटरी बसली की गाडी बसली.

बॅटरी का मरते?

आपल्या गाडीत बहुतेक शिसे आणि गंधकाम्लाची, म्हणजे ॲसिडची, बॅटरी असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ कप्पे, प्रत्येक कप्पा साधारण २ व्होल्टचा. वीज खर्च होते तेव्हा शिशाच्या प्लेटांवर एक पांढरट क्षार बसतो. लगेच चार्ज केले तर तो विरघळून जातो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडली तर त्या क्षाराचे टणक खडे होतात, आणि मग कितीही चार्ज केले तरी ते सुटत नाहीत. जमिनीवर खारवट थर बसून जमीन नापीक व्हावी, तसेच हे. म्हणून आम्ही म्हणतो, बॅटरी वापरून मरत नाही, उपाशी ठेवून मरते.

आपल्याकडे ती उपाशी राहण्याच्या दोन वेळा आहेत. एक, लावणीच्या दिवसांत गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी राहते. उभ्या गाडीतही बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरते, आणि घड्याळ किंवा चोरीचा अलार्म असेल तर जास्तच. दोन, रोज घर ते स्टेशन दोन किलोमीटर, दिवसभर स्टॅण्डवर उभी, संध्याकाळी परत दोन किलोमीटर. सेल्फने घेतलेली वीज एवढ्याशा फेरीत पुरती भरून येत नाही. गाडी रोज चालते, तरी बॅटरी अर्धपोटी.

पोट भरले की नाही, कसे कळणार?

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी बंद करून चार-पाच तासांनी दोन टोकांना लावा. १२.६ किंवा वर दाखवले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या आसपास आली की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. महिन्यातून एकदा हे बघितले तरी पुरे.

चार्जिंगची रीत

चार्जरचा जोर बॅटरीच्या दहाव्या हिश्शाएवढा असावा. बॅटरीवर ५ अँपिअर-तास लिहिले असेल तर अर्धा अँपिअर, आणि रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास. घाई करू नका. ट्रॅक्टरचा चार्जर किंवा घरचा इन्व्हर्टर मोटरसायकलच्या बॅटरीला जोडणे म्हणजे तान्ह्या पोराला पायलीभर भाकऱ्या भरवणे. लॅपटॉपचा चार्जरही नको. सोलर पॅनेल लावायचे तर मधे कंट्रोलर हवाच. बॅटरी भरल्यावर आपण होऊन थांबणारा, दुचाकीसाठीच बनवलेला छोटा चार्जर घ्यावा. बॅटरी हाताला गरम लागली तर लगेच बंद करा.

बॅटरी काढताना आधी काळी वायर सोडा, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. गाडीची फ्रेम काळ्या टोकाला जोडलेली असते. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर ठिणगी उडते.

ठिणगीचे एवढे भय कशाला? चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावर, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो शंभरात चार भाग झाला की ठिणगीने स्फोट होतो, आणि बॅटरीचे तुकडे ॲसिडसकट तोंडावर येतात. म्हणून चार्जिंग पडवीत, मोकळ्या हवेत, पावसाच्या सपकाऱ्यापासून दूर करावे. जवळ चूल, गॅस, उदबत्ती, विडी काही नको. आधी चिमटे लावा, मग बटण चालू करा. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. बॅटरीचे १२ व्होल्ट झटका देत नाहीत, पण चार्जरच्या मागे २३० व्होल्ट आहेत. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर उभे राहून त्याला हात लावू नका.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी खुणेपर्यंत ठेवा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्ज करण्याआधी त्या बुडतील एवढेच पाणी घाला, बाकीचे चार्ज झाल्यावर. फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे नको, बोअरचे नको, बाटलीतले पिण्याचेही नको. वरून ॲसिड तर कधीच घालू नका. सीलबंद बॅटरी उघडू नका. काही गाड्यांत आता लिथियमची बॅटरी येते. तिला तिचाच चार्जर.

ॲसिड डोळ्यांत गेले तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

ठेवायची कुठे?

महिनाभर गाडी चालणार नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, काढून ठेवा. कोरडी, थंड, हवा खेळणारी आणि पोरांचा हात न पोहोचणारी जागा बघा. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही. पण ओल येऊ नये म्हणून फळीवर ठेवलेली बरी. आणि एक नीट लक्षात ठेवा. खोलीत विहिरीसाठी आणलेली टी.सी.एल. पावडर असेल तर तिथे बॅटरी नको. ॲसिड त्या पावडरवर सांडले तर विषारी क्लोरिन वायू निघतो. महिन्यातून एकदा मीटर लावा, उतरली असेल तर भरा. टोकांवर बुरशीसारखे पांढरे-हिरवे चढले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, वाळवा, व्हॅसलीन लावा.

पूर आणि भंगार

उल्हास नदी आपल्याला नवी नाही. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाणी चढू लागले की गाडी उंचावर न्या, वेळ असेल तर बॅटरी काढून माळ्यावर ठेवा. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. आधी बॅटरी सोडवा, स्वच्छ पाण्याने बाहेरून धुवा, वाळवा, मेकॅनिककडून तपासून घ्या.

मेलेल्या बॅटरीतले ॲसिड ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. रसायन नाल्यात सोडले की काय होते, ते वालधुनीने २०१४ साली दाखवले. उल्हासनगरात वायूने शेकडो माणसे आजारी पडली. शिसे मातीत गेले की निघत नाही, आणि पोरांच्या मेंदूला ते विष आहे. जुनी बॅटरी अख्खी दुकानदाराला द्या, तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून मागा. त्यातल्या शिशाला दाम आहे, फुकट सोडू नका. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

शेवटी एक काम सांगून थांबतो. प्रत्येकाने चार्जर विकत घेण्याची गरज नाही. दर गावाने वर्गणी काढून एक चांगला चार्जर आणि एक मल्टिमीटर घ्यावा, आणि तो जबाबदार माणसाच्या पडवीत ठेवावा. मृगाच्या आधी गावातल्या सगळ्या बॅटऱ्या मोजून घ्या. पुढच्या बैठकीला येताना किती मोजल्या, किती बारा व्होल्टच्या खाली निघाल्या, त्याची वही घेऊन या. रात्री दोन वाजता, भर पावसात, कोणाच्या तरी घरी गाडी पहिल्या बटणाला चालू झाली पाहिजे, एवढ्यासाठी हे सगळे आहे.