चित्रपट-पत्रकारांच्या आठवणी : लोकरंजनाच्या इतिहासाचे एक साधन

(नागपूर येथे शिक्षक, ग्रंथपाल आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना किंचित नवल वाटले असेल. शेती, आरोग्य, शिक्षण असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना चित्रपट आणि चित्रपटगीते यांच्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या आठवणींचा विचार कशाला, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत आपल्या समाजाने कशावर प्रेम केले, तो कशाला हसला आणि कशाने त्याचे डोळे पाणावले, हे पुढील पिढीला समजावे असे वाटत असेल, तर लोकरंजनाचा इतिहास टाळून चालणार नाही. या इतिहासाची कागदपत्रे सरकारी दप्तरात थोडी आणि जुन्या चित्रपट-पत्रकारांच्या लिखाणात पुष्कळ आहेत.

मुळात हा इतिहास किती हरवला आहे ते प्रथम पाहू. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्यानंतरच्या मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांपैकी आज मोजकेच शिल्लक आहेत आणि त्यांतही अनेकांचे केवळ तुकडे उरले आहेत. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी आणि कालांतराने आपोआप कुजणारी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ ठेवा नाहीसा झाला होता. फिल्म गेली म्हणजे मागे उरतात जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या, ध्वनिमुद्रिका आणि ते चित्रपट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांचे लिखाण.

हे लिखाण ज्यांनी निष्ठेने केले त्यांत मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. बाबुराव पटेल यांनी १९३५ साली 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि चित्रपट-समीक्षेला एक धारदार लेखणी लाभली. बापू वाटवे यांनी 'एक होती प्रभातनगरी' या ग्रंथात प्रभात फिल्म कंपनीची कथा सांगितली. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात जन्मली, १९३३ साली पुण्यास आली आणि तिच्याच आवारात पुढे चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. इसाक मुजावर यांनी तर मराठी चित्रपटाचा इतिहास हेच आयुष्याचे कार्य मानले. त्यांचा महाराष्ट्र ही भारतीय चित्रपटाची जन्मभूमी असल्याचे सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९६९ साली महाराष्ट्र परिचय केंद्राने प्रकाशित केला. शासनाच्या माहिती खात्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही नोंद विशेष समाधानाची वाटते. शिरीष कणेकर यांनी 'गाये चला जा' सारख्या पुस्तकांतून जुन्या हिंदी चित्रपटसंगीताचे गायक आणि संगीतकार घराघरांत पुन्हा नेले. मुजावर २०१५ साली आणि कणेकर २०२३ साली आपल्यातून गेले. ज्यांनी ते युग प्रत्यक्ष पाहिले अशा लेखकांची पिढी आता अस्तंगत होत आहे.

अशा लेखकांचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानी येईल. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. तेथे 'कामिनी' असे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. हे गाणे गायले कोणी, अशी विचारणा श्रोत्यांनी आकाशवाणीकडे केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. अशा कितीतरी तबकड्यांवर पात्रांचीच नावे होती. त्यामागचा खरा आवाज शोधण्याचे काम पत्रकारांनी आणि संग्राहकांनी पदरमोड करून केले. कानपूरचे हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी सिद्ध केलेला दशकवार 'हिंदी फिल्म गीत कोश' हे अशाच एका माणसाच्या चिकाटीचे फळ होय. त्याचा पहिला प्रकाशित खंड १९८० साली निघाला.

आता आपल्या नागपूरकडे वळू. हे शहर चित्रपटनिर्मितीचे केंद्र कधीच नव्हते. परंतु चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्याचे स्थान दुय्यम नाही. येथील शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात दोन विद्यार्थी घडले. एक रामचंद्र चितळकर, म्हणजेच 'अलबेला' आणि 'अनारकली' या चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र. दुसरे डॉ. वसंतराव देशपांडे, ज्यांचे नाव आज येथील सभागृहाला दिलेले आहे. एकाने पाश्चात्य ठेका हिंदी चित्रपटात रुळविला. दुसऱ्याने पुरुषोत्तम दारव्हेकर या नागपूरकर नाटककाराच्या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकातून रागसंगीत सामान्य प्रेक्षकाच्या ओठी आणले. एकाच गुरूच्या हाताखालून निघालेल्या या दोन वाटा आपल्या शाळांतील किती मुलांना ठाऊक आहेत? नागपुरातच जन्मलेले राजा बढे हे कवी होते, तसेच येथील वृत्तपत्रांतून काम केलेले पत्रकारही होते. त्यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले.

या आठवणी मोलाच्या असल्या तरी त्या सर्वस्वी प्रमाण मानाव्यात काय? नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'कालियामर्दन' या नावाचे दोन चित्रपट आहेत. पहिला फाळके यांचा, १९१९ सालचा. त्यात त्यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. दुसरा भालजी पेंढारकर यांचा, १९३५ सालचा. त्यात लहानग्या वसंतराव देशपांडे यांनी कृष्ण साकारला. नाव तेच, कथा तीच, बालकलाकारही कृष्णच. सालाचा उल्लेख नसेल, तर दोन्हींची गल्लत व्हावयास वेळ लागत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाबतीत असेच घडले आहे. आज दाखविली जाणारी त्याची रिळे १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे अभ्यासक मानतात. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे फाळक्यांच्या आधी, प्रदर्शित झाला. परंतु ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण असल्यामुळे 'पहिला' कोणाला म्हणावे हा वाद अद्याप चालूच आहे. सारांश, स्मृती ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तिची साक्ष घ्यावी, पण कागदाशी ताडून घ्यावी. तसेच लेखकाने पाहिलेली घटना आणि लेखकाचे मत यांतील भेदही ओळखावा. एखादा संगीतकार श्रेष्ठ की कनिष्ठ, हे मत झाले. तो अमुक साली अमुक कंपनीत नोकरीस होता, ही माहिती झाली.

या इतिहासात शासनासाठीही एक धडा आहे आणि तो सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठा आश्रय दिला. मात्र चित्रपटगीते अभिरुची बिघडवितात, अशा धारणेने आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. १९५२ सालीच तेथून सुरू झालेली अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' देशभर लोकप्रिय झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. लोकांची आवड हुकुमाने बदलत नाही. तिच्याशी संवाद साधावा लागतो. याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली 'गीतरामायण' प्रसारित झाले आणि उत्तम तेही लोकप्रिय होऊ शकते, हे सिद्ध झाले. लोकशिक्षणाचे काम करणाऱ्या आपण सर्वांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मंडळी, मोठ्या शहरांतील चित्रपटांविषयी कोणीतरी लिहून ठेवले. ग्रामीण विदर्भाचे काय? फिरत्या तंबूतील टॉकीज कोणत्या बाजाराला, कोणत्या जत्रेला येत असे, बायकांची बसण्याची जागा वेगळी असे काय, इंजिन कोण चालवीत असे, हे फार थोड्या ठिकाणी नोंदले गेले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टीची रंगभूमी आजही हिवाळ्यात रात्ररात्र जागते. वडसा हे तिच्या नाटक मंडळ्यांचे केंद्र आहे. तेथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. परंतु तिच्या जुन्या नटांची, गायकांची आणि पेटीवाल्यांची संगतवार नोंद अजून व्हावयाची आहे. नागपुरात लिबर्टी चौक, पंचशील चौक ही नावे चित्रपटगृहांनी दिलेली आहेत. उद्या नाव राहील आणि ते का पडले हे सांगणारा राहणार नाही.

तेव्हा आपण काय करावे? याला मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडे पाठवावे. 'पूर्वीचे सिनेमे कसे होते?' असा मोघम प्रश्न विचारू नये. पहिला चित्रपट कोठे पाहिला, तिकीट किती होते, सोबत कोण होते, परत कसे आलात, असे नेमके प्रश्न विचारावेत. सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि तारीख व गाव लिहावे. साल आठवत नसेल तर 'गावात वीज आली त्याच्या आधी की नंतर', असे विचारावे. ग्रंथपालांनी जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या आणि जुने दिवाळी अंक रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांवरूनच या आठवणींची पडताळणी होईल. पंचायत सदस्यांनी आणखी एक साधन ध्यानी घ्यावे. खेळाला परवाना लागे आणि तिकिटावर करमणूक कर बसे. म्हणजेच त्या खेळांच्या नोंदी महसुली दप्तरात असण्याचा संभव आहे. मात्र १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यानंतर आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे जुनी दप्तरे शोधताना हा बदल लक्षात ठेवावा. चित्रपट-व्यवसायाने तर 'सी. पी. बेरार' हे वितरणक्षेत्राचे जुने नाव राज्य गेल्यानंतरही टिकवून ठेवले. जमलेल्या नोंदींची एक प्रत शाळेत, एक सार्वजनिक ग्रंथालयात आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. एकाच कपाटात ठेवलेला ठेवा एका वाळवीने नष्ट होतो.

मुजावर, वाटवे, कणेकर यांच्यापाशी फार मोठी साधनसामग्री नव्हती. वही, पेन आणि विचारण्याची हौस, एवढ्यावर त्यांनी एका युगाची ओळख जपून ठेवली. आपल्या प्रत्येक तालुक्यात ऐंशी वर्षांचे कोणी आजोबा, कोणी आजी अजून आहेत, त्यांची स्मृती अजून शाबूत आहे. पुढील शैक्षणिक वर्षाची वाट न पाहता या सत्रातच हे काम हाती घ्यावे, अशी आपणांस आग्रहाची विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!