दुखणं जातं, दुखापत राहते



पशुवैद्यक आणि पशुपालकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत. संमेलन वरठीत भरलंय, याचा आनंद वेगळाच. भंडारा रोड स्टेशनवर उतरलं की पोलाद कारखान्याची धुरांडी दिसतात आणि थोडं पुढे गेलं की धानाच्या बांध्या लागतात. या बांध्या रिकाम्या झाल्या की आपल्याकडे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा झाडीपट्टीचा हिवाळा. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: पटात पाय दुखावलेल्या बैलाचं पुढे काय होतं?

७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलं. आता पटाच्या दिवसासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आपलं, म्हणजे पशुवैद्यकाचं, प्रमाणपत्र लागतं, काठी-तुतारी चालत नाही. हे चांगलंच झालं. पण पट उठल्यानंतरचे महिने मालकाच्या आणि आपल्या हातात असतात, आणि बैलाचा पाय वाचतो किंवा जातो तो त्याच महिन्यांत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक सहा दाती पांढरा बैल आणला होता. पटात त्याचा पुढचा डावा पाय दुखावला होता. मी तपासलं, औषध दिलं आणि म्हणालो, "आराम द्या." पंधरा दिवसांनी मालक पुन्हा आला. "साहेब, आता लंगडत नाही. पुढच्या पटाला नेतो." मी नळीच्या हाडामागून बोटं खाली फिरवली. एका जागी पाय शेजारच्या पायापेक्षा गरम लागला. तिथे जरासं दाबताच बैलाने आवाज न करता पाय अलगद उचलून घेतला. मी नको म्हणालो, पण तोवर मालकाचं मन पटात गेलं होतं. त्या पटात तो पाय कायमचा गेला आणि बैल पुन्हा जुवाखाली आला नाही. चूक माझी होती. "आराम द्या" या दोन शब्दांत किती दिवस, कसा, कुठे, यातलं काहीच नव्हतं.

दुखावला होता तो अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश भरते. सूज आणि वेदना दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. फाटलेल्या जागी नवे तंतू येतात, पण ते आधी कच्चे आणि अस्ताव्यस्त असतात. ते ओढीच्या दिशेने रांगेत लागून घट्ट व्हायला कित्येक महिने जातात. म्हणून दुखणं आधी जातं आणि दुखापत मागे राहते. या मधल्या काळातच मालकाला वाटतं, बैल बरा झाला.

घोड्यांच्या जगाने हा धडा आपल्या आधी गिरवला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत घोडेस्वार फवाद मिर्झा यांना दोन रौप्यपदकं मिळवून देणारा सिन्यॉर मेडिकॉट हा घोडा पुढे दुखापतीमुळे दीर्घकाळ मैदानाबाहेर होता. त्याला सावरायला वेळ मिळाला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तोच घोडा उतरला. अस्थिबंधाच्या दुखापतीत स्पर्धेच्या घोड्याला पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याची धार आणि बर्फ देतात. मग तबेल्यात विश्रांती आणि हाताने धरून पाच-दहा मिनिटांची चाल. ही चाल आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी वाढवतात. सोनोग्राफीत जखम भरताना दिसली तरच दुडकी चाल, तीही सरळ आणि सपाट जमिनीवर. पुन्हा स्पर्धेत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

बैल म्हणजे घोडा नव्हे. त्याचा खूर दुभंगलेला, त्याचं काम वेगळं. मिनिटांचा हिशेब जसाच्या तसा उचलता येणार नाही, पण क्रम उचलता येईल: आधी थंडावा, मग मोजकी चाल, मग तपासणी, आणि तपासणीनंतरच पुढची पायरी. डाग देऊन किंवा बिब्बा लावून आतली दोरी जुळत नाही, कातडी तेवढी भाजते. वेदनाशामक देऊन बैल पटात उतरवणं तर त्याचा इशाराच बंद करणं आहे. आणि गरजेला वेदनाशामक द्यायचंच, तर मेलॉक्सिकॅम द्या. डायक्लोफिनॅक नको; जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांना वाचवण्यासाठी.

आता आपल्या जिल्ह्याची खरी अडचण सांगतो. पट जानेवारी-फेब्रुवारीत होतात. तेव्हा दुखावलेला पाय जून-जुलैत अर्धवट भरलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच बांधीत चिखलणी सुरू होते. गुडघाभर चिखलातून पाय ओढून काढताना नव्या तंतूंवर सगळ्यात जास्त ताण येतो. पटातून वाचलेला पाय रोवणीत जातो. म्हणून मालकाला पहिल्याच दिवशी सांगा, या पावसाळ्यात हा बैल चिखलात उतरणार नाही. शेजाऱ्याची जोडी किंवा ट्रॅक्टर आत्ताच ठरवून ठेवा. जोडीतल्या दुसऱ्या बैलाकडेही लक्ष असू द्या. त्याला वेगळा जोडीदार दिलात, तर दोघांची उंची आणि चाल जुळती हवी.

सहकाऱ्यांनो, यासाठी फार मोठी साधनं लागत नाहीत. गाभण तपासणीसाठी आपण जे सोनोग्राफी यंत्र वापरतो, त्याच्याच सरळ प्रोबने नळीमागचे अस्थिबंध पाहता येतात. हात बसायला सराव मात्र हवा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आपल्या शेजारी आहे. तिथल्या शल्यचिकित्सकांना बोलावून आपण हे शिकून घेऊ.

या संमेलनातून तीन गोष्टी ठरवून उठू या. दुखावलेल्या प्रत्येक बैलाच्या मालकाला आठवड्यांचा तक्ता लिहून द्यायचा. महिन्यातून एकदा तो पाय आपल्या हाताने तपासायचा. आणि पाय भरला नसेल, तर पटाच्या प्रमाणपत्रावर सही करायची नाही, मग मागणारा कितीही जवळचा असो.

पशुपालक मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनंती: बैल लंगडायचा थांबला, म्हणून त्याला जुवाखाली घेऊ नका. तो सांगू शकत नाही. त्याच्या पायावर रोज हात ठेवा, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा, आणि एक हंगाम थांबा.