ताळा, अजमास आणि तळहातावरचे यंत्र



शिवडीच्या कापसाच्या गोदामांवरून जाताना मला आजही एक आकडा आठवतो: ३५५.६. एका खंडीचे हे किलोग्रॅम. कापसाचा भाव खंडीवर बोलण्याची मुंबईची रीत जुनी. गाठी मात्र मोजावयाच्या नगांवर आणि तोलावयाच्या किलोंत. गाठींचे किलो व किलोंच्या खंड्या करणे, हेच माझ्या वडिलांचे आयुष्यभराचे काम. येथल्याच एका पेढीत ते कारकून होते. घरीदारी सर्व त्यांना नाना म्हणत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांच्या जिभेवर अशी खेळत, की कागदावर उत्तर उतरण्यापूर्वीच ते ओठांवर आलेले असे.

मी १९७५ साली मॅट्रिक झालो. पुढच्याच वर्षी नानांच्या पेढीत एक विलायती वस्तू आली. साबणाच्या वडीहून थोडी मोठी, वर बटणे, आणि माथ्याशी तांबड्या अंकांची ओळ. हे खिशातले गणकयंत्र. त्या दिवशी नाना घरी आले ते जेवताना काही बोलले नाहीत. आमच्या घरी खाणारी तोंडे पाच होती, आणि मिळवता हात एक.

हे यंत्र आले तरी कोठून? प्रथम त्याची पूर्वपीठिका पाहू. आपल्या मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक कामास लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले तेव्हा यंत्रे लहान झाली खरी, परंतु पुरेशी नव्हेत. १९६४ साली जपानच्या शार्प कंपनीने ट्रान्झिस्टरांचे गणकयंत्र विक्रीस काढले. त्याचे वजन २५ किलो आणि किंमत ५,३५,००० येन! शेकडो ट्रान्झिस्टर, त्यांहून अधिक डायोड, आणि ह्या सर्वांना जोडणारे हातांनी केलेले झाळकामाचे सांधे. एक सांधा निखळला, की उत्तर गेले. तेव्हा खरी अडचण सुट्या भागांच्या आकाराची नव्हती. ती सांध्यांच्या संख्येची होती.

ही अडचण ज्याने सोडविली तो जॅक किल्बी १९५८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीत नुकताच नोकरीस लागला होता. सहकारी सुटीवर गेले. नव्या माणसाला रजा नव्हती. रिकाम्या प्रयोगशाळेत त्याने विचार केला, की सर्व भाग जर एकाच पदार्थाचे करता येतात, तर ते निरनिराळे करून मग जोडावयाचे कशाला? एकाच तुकड्यात ते का घडवू नयेत? १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने जर्मेनियमच्या लहानशा तुकड्यावर असे मंडल चालवून दाखविले. पुढल्या वर्षी रॉबर्ट नॉइस ह्याने फेअरचाइल्ड कंपनीत सिलिकनवर, भागांमधल्या जोडण्यादेखील धातूच्या पातळ थराने जागच्या जागी उमटविण्याची रीत सुचविली. हेच इंटिग्रेटेड सर्किट, आणि ज्या तुकड्यावर ते असते ती चिप. छायाचित्राच्या काचेवरून एकाच्या जागी शंभर प्रती काढाव्यात, तद्वत एका चकतीवर अनेक मंडले एकदम छापली जाऊ लागली. झाळकाम गेले व छपाई आली. किल्बीला पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. नॉइस तत्पूर्वीच, १९९० साली, निवर्तला होता.

आरंभी ह्या चिपा महाग. त्या घेई ते सैन्य आणि अवकाशखाते. सामान्य माणसाच्या हाती त्या कशा जातील, ह्या विवंचनेतून कंपनीचे अध्यक्ष पॅट हॅगर्टी ह्यांनी १९६५ साली किल्बीला तळहातावर मावेल असे गणकयंत्र करावयास सांगितले. किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल ह्या तिघांनी १९६७ साली त्याचा नमुना सिद्ध केला. त्याचे वजन सुमारे सव्वा किलो. तो बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करी आणि उत्तर कागदाच्या पट्टीवर उमटवी. त्याच धर्तीवर जपानच्या कॅनन कंपनीने १९७० साली ‘पॉकेट्रॉनिक’ काढले. १९७१ साली बिझिकॉम ह्या जपानी कंपनीच्या ‘हँडी’ यंत्रात तर गणिताचे सारे मंडल एकाच चिपेवर आले. त्याच बिझिकॉमच्या मेजावरील यंत्रासाठी इंटेल कंपनीने जी चिप रचली ती त्याच वर्षी ४००४ ह्या क्रमांकाने बाजारात आली. आजच्या संगणकांतील सूक्ष्मप्रक्रियकांची ती पूर्वज होय. १९७२ साली कॅसिओचे लहानसे यंत्र १२,८०० येनांना मिळू लागले. आठ वर्षांत किंमत चाळिसाव्या हिश्श्याच्याही खाली आली!

इतक्या लहान चिपेत गणित मावले कसे? शिक्षक ह्या नात्याने मला ही गोष्ट फार मौजेची वाटते. ही यंत्रे सबंध संख्या एका दमात मिळवीत नसत. आपली मुले पाटीवर करतात तसे, एककापासून एकेक अंक घेऊन ती मिळवीत, आणि हातचा पुढे नेत. गुणाकार म्हणजे त्यांना पुनःपुन्हा बेरीज आणि एक घर सरकणे. एकाच अंकाची बेरीज करणारे मंडल पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे थोडक्या भागांत काम भागे. मनुष्य कंटाळतो, ते कंटाळत नाही. फरक काय तो एवढाच.

आता पुन्हा नानांच्या पेढीत जाऊ. यंत्र आल्यावर काही आठवड्यांनी एका तरुण कारकुनाने ४८ गाठींचे बिल केले. गाठ १७० किलोंची, म्हणजे एकूण ८,१६० किलो. त्याला ३५५.६ ने भागले आणि २२९ खंड्या व वर काही अंश, असे उत्तर मांडले. कागद नानांपुढे आला. नानांनी तो तसाच परत सरकविला.

“अहो नाना, यंत्राने काढलंय. चुकेल कसं?”

“दोन गाठींची पुरती एक खंडी भरत नाही. मग अठ्ठेचाळीस गाठींच्या चोवीस तरी होतील का? ह्या दोनशे एकोणतीस आल्या कुठून?”

दशांशचिन्हाचे बटण एक घर आधी दाबले गेले होते, ३५५.६ चे ३५.५६ झाले होते. खरे उत्तर २३ खंड्यांना जरासे कमी. बिल तसेच जाते, तर दहापट रकमेचा घोटाळा होता.

आमच्या शाळांत पडताळ्यासाठी ताळा शिकवीत. ४८ चे अंक मिळविले की १२, त्याचे ३. १७० चे ८. तीन आठे चोवीस, त्याचे ६. आणि ८,१६० चे १५, त्याचेही ६. ताळा जमला. परंतु ध्यानात घ्या, की ताळा अंक तपासतो, घर तपासत नाही. दशांशचिन्ह कोठेही सरकले, तरी अंकांची बेरीज तीच राहते. नानांनी चूक पकडली ती ताळ्याने नव्हे, अजमासाने. आणि अजमास येतो तो गाठ किती नि खंडी किती हे हाडीमांसी मुरलेले असल्यामुळे.

यंत्रामुळे पोटावर पाय येईल, ही भीती नानांच्या एकट्याची नव्हती. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने ह्याच प्रश्नासाठी समिती नेमली होती आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. भीती अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. नाना निवृत्तीपर्यंत पेढीत राहिले. पण त्यांच्या हाताखालची बेरजा तपासणाऱ्याची जागा रिकामी झाली, ती मग भरलीच नाही. जो तरुण त्या जागेवर बसून अजमास शिकला असता, तो शिकला नाही. जागा गेल्याचे दुःख लोकांना दिसले. तिच्याबरोबर शिकण्याची एक वाटही बुजली, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

मी यंत्राचा द्वेष्टा नव्हे. वर्गात लॉगॅरिथमची पुस्तके चाळण्यात मुलांचे किती तास गेले, ते मी पाहिले आहे. ते वाचले ह्याचा मला आनंदच आहे. आज तर हे यंत्र प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहे, आणि माझी नात वाण्याची यादीही त्यावरच मिळविते. मी तिला अडवीत नाही. बटण दाबण्यापूर्वी “किती होतील?” एवढेच विचारतो. ती छताकडे पाहून काहीतरी आकडा सांगते. तो बहुधा चुकतो. पण हल्ली दहापट चुकत नाही.