दुर्बीण घ्यायची, पण केवढी?

मरोळला राहणाऱ्या आम्हां बायकांना आरेचं रान अगदी हाकेच्या अंतरावर. पण तिथले पक्षी नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसतात. म्हणून भिशीच्या पैशांतून सगळ्यांत मिळून एक दुर्बीण घ्यायचं ठरलं आणि लगेच प्रश्न आला, ८ बाय ४२ची घ्यायची की ८ बाय ३२ची?

पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार. तो दोन्हींत आठच. दुसरा आकडा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. मोठ्या भिंगातून उजेड जास्त येतो असं दुकानदार सांगतात, ते खरंच आहे. पण तो डोळ्यात शिरतो का? ४२ला ८ने भागा, सव्वापाच येतात. ३२ला भागले की चार. डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा असतो. भर दिवसा आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, म्हणजे चारातलाही थोडा वायाच जातो! पहाटे, तिन्हीसांजेला किंवा दाट झाडीत बाहुली मोठी होते, तिथे ४२ सरस. शिवाय तिच्यात डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही, नवखीला ते सोपं पडतं.

आता वजन. ४२ची साधारण ६५० ते ७५० ग्रॅमची, ३२ची ४५० ते ५५०. दोनशे ग्रॅमचं काय एवढं, असं वाटेल. ऐरोलीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो बघत दोन तास गळ्यात अडकवून उभ्या राहा, मान आपोआप सांगेल. आमच्यात दोघींना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे. आणि जड वस्तू घरात कपाटावरच राहते, हे कुणी सांगायला नको. डबे भरून झाल्यावर, उन्हं वर आल्यावरच निघणाऱ्या आम्ही, तेव्हा आमचं मत ३२ला. ज्या पहाटेच्या अंधारात राष्ट्रीय उद्यान गाठतात, त्यांनी खुशाल ४२ घ्यावी.

घेताना चष्मा लावूनच बघा. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसायला हवा. त्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून निदान १५ मिलिमीटर दूर राहूनही चित्र कापलं जाता कामा नये. बायकांच्या दोन डोळ्यांतलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा कमी असतं. दुर्बिणीच्या नळ्या तेवढ्या जवळ येत नसतील तर ती परत ठेवा, कितीही स्वस्त असो. दुकानाच्या दाराशी येऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघा. सूर्याकडे मात्र ती चुकूनही रोखू नका, आणि मुलांच्या हाती देताना हे आधी सांगा.