मूल्यमापनातील मूल्य



मराठीच्या अध्यापकाने पर्यावरणावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन हा विषय जितका शास्त्राचा, तितकाच भाषेचाही आहे. या शब्दात ‘मापन’ आहे आणि ‘मूल्य’ही आहे. मापन तज्ज्ञ करतील. मूल्य मात्र त्या भूमीत राहणाऱ्यांनीच सांगावयाचे असते.

मोठ्या प्रकल्पाचे बरेवाईट परिणाम आधी तपासावेत, हा विचार अमेरिकेत १९७० साली कायद्याच्या रूपाने अंमलात आला. आपल्याकडे २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ठराविक प्रकल्पांना ही तपासणी बंधनकारक झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी लोकांना किमान तीस दिवसांचा अवधी मिळतो. मात्र लोकभाषेत येतो तो केवळ सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच राहतो. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत प्रसिद्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून रोजी द्यावा लागला.

अहवालात काय लिहिले आणि काय वगळले, याचे महत्त्व आपल्या गोव्याला मोप विमानतळाने दाखवून दिले. अर्जातील माहिती अपुरी असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये अधिक अटींसह ती स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रकल्प इष्ट की अनिष्ट, हा वाद येथे मला करावयाचा नाही. एका तक्त्यातील रिकामी जागा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकते, एवढेच ध्यानी घ्यावे.

पुढील काळातील अडचण याहून खोल आहे. अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एकाच ऋतूतील निरीक्षणे पुरेशी मानली जातात. जेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे पावसाळा वगळून भूमीची ओळख कशी पटावी? खाजनाचे बांध, मानशी, डोंगरातले झरे यांचे खरे रूप त्याच चार महिन्यांत कळते. त्यातच आता पाऊस पूर्वीचा राहिलेला नाही. कालच्या सरासरीवर उद्याचा पूर मोजता येणार नाही. म्हणून मूल्यमापन मंजुरीपाशी संपू नये. प्रकल्प चालू असेतोवर ते चालू राहावे. अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल प्रकल्पचालकांनी द्यावयाचे असतात आणि ते सार्वजनिक दस्तऐवज असतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. शंभर वर्षे आपण कथा-कादंबऱ्या जपल्या. आता परिसरातील प्रकल्पांच्या अहवालांसाठीही एक कपाट राखावे. जाणत्या सभासदांनी त्यांचे मराठीत वाचन करावे. विहिरीची पातळी, पुराची खूण, आटलेला झरा यांची तारीखवार नोंदवही ठेवावी. जनसुनावणीत नुसत्या संतापापेक्षा अशी वही अधिक बोलते. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना हे कार्य या संस्थेने अंगीकारावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.