प्लिमथपासून पद्मिनीपर्यंत



केळझरच्या गणपतीला येणाऱ्या गाड्यांत आपण जिला ‘फियाट’ म्हणायचो, तिच्या कारखान्याची सुरुवात अमेरिकन गाड्यांनी झाली होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि 1947 पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. मोठ्या, ऐटदार आणि पेट्रोल पिणाऱ्या! पुढे इटलीच्या फियाटची 1100 आली. 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. 1089 सीसीचं साधं इंजिन, गावातल्या मिस्त्रीलाही उघडून जोडता येईल असं. इंजिनियर म्हणून मला तिचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो.

मग ती मागे का पडली? परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गिऱ्हाईक असं रांगेत उभं असेल, तर गाडी सुधारायची घाई कुणाला? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि रांग तिकडे वळली. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. जुनं विकलं जातंय तोवर त्याला कुणी हात लावत नाही.

2000 च्या सुमारास पद्मिनी थांबली, 2001 मध्ये अमेरिकेत प्लिमथही संपली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली.

आपल्यापैकी कुणाच्या अंगणात अजून एखादी उभी असेल तर जेवणानंतर सांगा. बॉनेट मी उघडते.